खुंटीवरचा रेनकोट आणि पोटमाळ्यावरचा चंदू

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावाहून एका आईनं विचारलंय. मुलगा साडेचार वर्षांचा. मे महिन्यापर्यंत अंधारात गोठ्यात जाऊन आजोबांची बॅटरी आणून देणारा. जूनमध्ये बाप सुट्टी संपवून पलटणीत परतला, पोराची एलकेजी सुरू झाली, पाऊस लागला, आणि तेव्हापासून काय बिनसलं कळत नाही. मिक्सर लावला की कानांवर हात दाबून परसात पळतो. कडकलक्ष्मीचं गुबुगुबु वेशीवर वाजलं तरी देव्हाऱ्याशेजारी दडून बसतो. न्हाणीघराच्या मोरीची भीती पंधरा दिवस होती, ती आपोआप गेली, आता खुंटीवरच्या काळ्या रेनकोटची सुरू झाली. आणि हाच मुलगा परवा अंगणात धामण निघाली तेव्हा बघायला सगळ्यांच्या पुढे! आठवड्यातून दोनदा रात्री दहा-साडेदहाला किंचाळत उठून बसतो, डोळे उघडे असतात पण आईला ओळखत नाही. भरीला पोटमाळ्यावर चंदू नावाचा कुणी राहतो, त्याच्यासाठी वेगळी भाकरी वाढावी लागते. शेजारीण म्हणते, पोरगा भित्रा निघाला. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. नवरा फोनवर म्हणतो, फौजीचा पोरगा आणि घाबरतो, तू लाडावून ठेवलायस. आईचा प्रश्न असा: यातलं खरं कुणाचं, आणि मी काय करू?

ताई, खरं तिघांचंही नाही. बेळगावात मुलं तपासायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. तुमच्यासारखी हकिकत सांगणारी आई महिन्यातून चार-पाच वेळा तरी समोर बसते, आणि बहुतेक वेळा तिच्या मांडीवरचं मूल ठणठणीत असतं.

मूल दोन वर्षांचं असतं तेव्हा रेनकोट हा रेनकोटच असतो. तीन-साडेतीनच्या पुढं समोर नसलेली गोष्ट मनात उभी करायची ताकद जोर धरते. काठीचा घोडा होतो, पाटाची बस होते, आजोबांना तिकीट फाडून दिलं जातं. त्याच ताकदीनं दिवेलागणीला रेनकोटाला हातपाय फुटतात. घोडा हवा पण रेनकोटातला माणूस नको, अशी निवड मुलाला करता येत नाही, कारण दोन्ही एकाच चुलीवर शिजतात. मनानं रचलेलं खरं नसतं हे ओळखण्याची पक्की जाण मात्र सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू येते. मधली दोन-तीन वर्षं रचण्याचा हात जोरात आणि पारखण्याचा हात कच्चा. तुमचा मुलगा नेमका तिथं आहे.

तो कच्चा हात किती कच्चा असतो, ते पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली एका साध्या प्रयोगात दाखवलं. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामं खोकं उघडून दाखवलं आणि सांगितलं, आत एक राक्षस आहे असं नुसतं मनात आण. मुलांना विचारलं तर ती स्वच्छ सांगायची की हे खोटं-खोटं आहे, आत काही नाही. पण मोठं माणूस खोलीबाहेर जायला निघालं की काहींची गाळण उडाली. काही लहानग्यांनी तर त्याला जाऊच दिलं नाही. म्हणजे “खोटं आहे” हे त्यांना माहीत होतं, आणि भीती तरीही होती. तुम्ही रेनकोट झटकून दाखवता, “बघ, काय हाय? काहीच नाय!” म्हणता, तो मान डोलावतो आणि पाच मिनिटांत पुन्हा पदराला चिकटतो, त्याचं कारण हे. तो हट्ट करत नाही. पुरावा त्याला पटलाय, फक्त पटल्यानं भीती जात नाही.

मग धामणीची भीती नाही आणि मोरीची कशी? मोठ्यांची भीती धोक्याच्या मापानं चालते, या वयाची भीती कळण्या-न-कळण्याच्या मापानं. साप त्याला कळतो, आजोबांनी दहादा दाखवलाय. मोरीत पाणी गडगडत जातं आणि दिसेनासं होतं, साबणाचा तुकडाही गेला, मग मी का जाणार नाही? आपलं अंग त्या भोकापेक्षा मोठं आहे हा हिशोब तीन-चार वर्षांच्या मुलाला खात्रीनं जमत नाही. हलतं आणि आवाज करतं ते जिवंत, असंही त्याला वाटतं. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांच्या या समजुतीवर पुष्कळ लिहून ठेवलंय. त्या नजरेनं तुमच्या मिक्सरकडं एकदा बघा. कोपऱ्यात गप्प बसलेलं काहीतरी अचानक ओरडायला लागतं.

भीत्या बदलत राहतात याचा त्रास तुम्हाला होतोय, मला मात्र त्यातच दिलासा दिसतो. येते, पंधरा दिवस राहते, जाते, तिच्या जागी दुसरी येते, ही वाढत्या मुलाची चाल आहे. काळजीची भीती एका जागी ठाण मांडून बसते आणि घराला आपल्याभोवती फिरायला लावते. तिच्याकडं शेवटी येते.

ऑगस्ट २०२२ मी विसरू शकत नाही. बेळगावात जाधव नगरात बिबट्या दिसला, मग तो गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला. आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, शोधायला शिवमोग्ग्याच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले. ती भीती खरी होती, हाडामांसाच्या जनावराची. त्या दिवसांत माझ्याकडं आलेल्या मुलांनी मला जे शिकवलं ते पुस्तकांतून इतकं नीट समजलं नव्हतं. एका घरात मुलाला घाबरायला नको म्हणून मोठी माणसं कुजबुजत बोलायची, तो आत आला की टीव्ही बंद. त्या मुलानं दोन महिने खाटेखाली बिबट्या पाळला. दुसऱ्या एका घरात भावंडांनी खुर्च्या उलट्या करून पिंजरा केला, आत चपातीचा तुकडा ठेवला. धाकटा बिबट्या, थोरला वनखात्याचा साहेब. दिवसातून वीस वेळा बिबट्या पकडला जायचा आणि वीस वेळा सुटायचा. आई कंटाळून गेली होती, पण मुलं रात्री गाढ झोपायची. एका मुलीला बिबट्याचं काहीच नव्हतं, तिला प्रश्न पडला होता की हत्ती चुकून आपल्या गल्लीत आला तर वळणार कसा. तिच्या आजोबांनी पाटीवर गल्ली काढून तिला हत्ती मागं कसा सरकतो ते दाखवलं. संपलं.

माझं सगळं म्हणणं या खुर्च्यांच्या पिंजऱ्यात आहे. ज्या कल्पनेनं भीती जन्माला घातली, तीच कल्पना भीतीला पिंजऱ्यात घालू शकते. मोठ्यांनी त्या खेळाला जागा द्यायची, वेळ द्यायचा, आणि स्वतः खोटं बोलायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर मी हटून बसते. हल्ली बाटलीत पाणी भरून “हे राक्षस पळवायचं औषध” म्हणून खोलीभर फवारायचा सल्ला फार फिरतो. मला तो पटत नाही. आईनं औषध मारलं म्हणजे राक्षस होता हे आईनंच कबूल केलं. मुलानं स्वतः खेळात लाकडी तलवार काढली तर खुशाल त्याच्या फौजेत सामील व्हा. तुमच्या तोंडून मात्र एकच वाक्य निघू दे: “तिथं रेनकोटच हाय, पण तुला भ्या वाटूलंय ते मला दिसूलंय. मी हाय जवळ.” आधी जवळ घ्या, मग बोला. घाबरलेल्या मुलाला शब्द उशिरा ऐकू जातात.

आता मिक्सर. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची हकिकत छापली. मुलगा आवडीचं खात बसला की ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी मुलानं सशाला हात लावला. शंभर वर्षं झाली, यापेक्षा भरवशाचं काही मला सापडलेलं नाही. तुमच्या स्वयंपाकघरात हे असं होईल: पहिले दोन-तीन दिवस पिन काढलेली, भांडं त्याच्या हातात, शेंगाचटणीचे भाजलेले शेंगदाणे तोच भरणार. मग तो दारात उभा राहून “एक-दोन-तीन” म्हणणार आणि तुम्ही एकच झटका फिरवणार. पुढं तो सांगेल तेव्हाच चालू, तो हात वर करेल तेव्हा बंद. शेवटी तुमच्या हातावर हात ठेवून बटण तो फिरवेल आणि पहिली चटणी त्याच्या ताटात पडेल. एखाद्या दिवशी मागं सरला तर तुम्हीही एक पायरी मागं या. भीती मोडायला म्हणून हात धरून मिक्सरसमोर उभं करणारे बाप मी पाहिलेत, त्यातून भीती जाणं सहा महिने पुढं ढकललं जातं.

गुबुगुबुबद्दल तुम्हाला एक विचारायचंय, आणि रागावू नका. घरात किंवा शेजारी कुणी त्याला “जेवला नाहीस तर कडकलक्ष्मीला देऊन टाकीन” म्हटलंय का? आपल्या भागात मुलांना धाक दोन भाषांतून मिळतो. मराठीत बागुलबुवा, कन्नडमध्ये गुम्मा. पुरंदरदासांच्या एका पदात बाळकृष्णच आईला विनवतो की गुम्माला बोलावू नकोस, म्हणजे ही सवय निदान साडेचारशे वर्षं जुनी आहे. जुनी आहे म्हणून निरुपद्रवी नाही. ज्या वयात मनातला राक्षस आणि दारातला माणूस वेगळा काढता येत नाही, त्या वयात आईच्या तोंडून आलेला गुम्मा खरा असतो, आणि वर आईच त्याला बोलावणारी. पोलीस, झोळीवाला, सुई टोचणारा डॉक्टर, सगळेच यात आले. उद्या हरवलेल्या मुलानं ज्या पोलिसाकडं जायला हवं, त्याच्यापासूनच ते पळतं. सासूबाईंना हे सांगायचं तुम्हाला जड जाणार, मी समजते. “डॉक्टरीणबाईंनी बजावलंय” म्हणून माझ्यावर ढकला.

पुढच्या वेळी वाजवणारे आले की त्याला कडेवर घेऊन सुपातले तांदूळ वाढायला जा. लांबूनच. चाबूक मारून घेणं त्याला दाखवायची गरज नाही. तांदूळ वाढताना दोन शब्द बोला, त्यांची मुलं कुठं आहेत विचारा. एका आईनं असं केलं तेव्हा त्या माणसानं वाजवायचं थांबवून पोराला काडी ओढून बघायला दिली होती. आवाज आपल्या हातून निघाला की त्यातलं भूत जातं.

रात्रीच्या किंचाळण्याकडं वळते, कारण सासूबाई तिथंच घाबरल्यात आणि त्यांचं घाबरणं मला कळतं. डोळे उघडे, घाम सुटलेला, आईला ढकलतोय, आणि सकाळी विचारलं तर काही आठवत नाही. बघणाऱ्याला ते अंगात आल्यासारखंच दिसतं. ताई, हे वाईट स्वप्नसुद्धा नाही. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडं पडतं, मूल पुरतं जागं होतं, रडत कुशीत शिरतं आणि काय पाहिलं ते सांगतं. तुमच्या मुलाचं होतं ते झोप लागल्यावर एक ते तीन तासांत, सगळ्यात गाढ झोपेतून. मेंदूचा एक भाग जागा होऊ बघतो, बाकीचा झोपलेलाच राहतो. त्याला त्यातलं काही जाणवत नाही, त्रास बघणाऱ्यांना होतो. हलवून, पाणी मारून जागं करू नका, तो आणखी बिथरेल. जवळ बसा, पडू-आपटू देऊ नका, पाच-दहा मिनिटांत तो आपोआप आडवा होईल. सकाळी “रात्री काय झालं होतं तुला?” असं सगळ्यांनी घेरून विचारू नका.

असं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे अपुरी झोप. या वयाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास लागतात. मे महिन्यात तो दुपारी दोन तास झोपत असणार. आता एलकेजीची गाडी सकाळी येते, दुपारची झोप गेली, आणि रात्रीची वेळ तीच राहिली. त्याला महिनाभर रोज तासभर आधी झोपवून बघा, निजण्याआधी शू करवून. ठरलेल्या वेळीच होत असेल तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी त्याला हलकंसं चाळवा, कूस बदलेल इतकंच, आणि पुन्हा झोपू द्या. दोन-तीन आठवड्यांत पुष्कळदा ते थांबतं.

सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत असतील तर मी आड येणार नाही. शांतपणे, मायेनं कुणीतरी समोर बसून आपल्यावरून हात फिरवतंय, हे मुलाला आवडतंच. पण त्याच्या देखत “पिंपळाखालून आला तेव्हा काहीतरी दिसलं असेल” ही चर्चा नको. देवऋषाकडं नेणं नको. आणि बिब्ब्याचा किंवा तापलेल्या सळीचा डाग तर कुणी सुचवला तरी त्या माणसाला घरात घेऊ नका. तीन वर्षांच्या मुलीच्या पोटावरचे असे डाग मी धुतलेत. ती पुढं वर्षभर हात जवळ आणला तरी किंचाळायची, आणि ती भीती कल्पनेची नव्हती.

चंदूची काळजी सोडा. मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा मनातला सोबती होता असं आढळलं. एकटी, दुःखी मुलंच असं करतात हा समज खोटा निघाला. भाकरी वाढा, पण अर्धी, आणि उरलेली ‘चंदूच्या वाटची’ त्यानं खायची. सांडलेलं दूध चंदूनं सांडलं असेल तर पुसायला दोघांनी यायचं. चंदूला तुम्ही स्वतःहून बोलावू नका, त्याच्या नावानं काही कबूल करून घेऊ नका. तो मुलाचा आहे.

एक उपयोग मात्र करून घ्या. २००६ च्या लेबनॉन युद्धाच्या वेळी इस्रायलमधल्या लहान मुलांना संशोधकांनी एक कापडी कुत्रा दिला आणि सांगितलं, हा उदास आहे, याला सांभाळणारं कुणी नाही, तू सांभाळ. ज्यांनी मनापासून सांभाळला त्यांचा ताण जास्त कमी झाला. भेदरलेल्या मुलाला आपण नेहमी सांभाळून घेतो, सांभाळायचं काम त्याला क्वचितच देतो. तेव्हा सहज विचारा, “चंदूला रेनकोटचं भ्या वाटतं का रे?” हो म्हणाला तर, “मग त्याला काय सांगूया?” उत्तर त्याचं त्याला देऊ द्या. घाई करून तुम्ही देऊ नका.

शाळेबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिली, बाई कन्नड बोलतात म्हणून. मला ती ओळ मोठी वाटली. घरी मराठी, बाई कन्नड, पुस्तक इंग्रजी. मोठेपणी ही तीन भाषांची श्रीमंतीच आहे, आमच्या सीमाभागातलं प्रत्येक पोर ती घेऊन वाढतं. पण जूनपासून त्याला रोज चार तास भीती वाटली तरी सांगायला शब्द नाहीत, आणि कोंडलेलं ते घरी येऊन मिक्सरवर, मोरीवर निघतं. त्याला एक वाक्य शिकवा, “नंग अंजिकि बरतैति,” म्हणजे मला भ्या वाटतंय. बाईंना भेटून सांगा की हा असं म्हणाला तर फक्त जवळ घ्या आणि “हेदरब्याड”, घाबरू नको, म्हणा. बहुतेक बाई हे आनंदानं करतात, कुणी येऊन सांगितलेलं नसतं इतकंच.

मोबाइलचं थोडक्यात. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा कमी, आणि शेजारी मोठं माणूस बसून. एकट्याच्या हातात दिला की गाण्यातून सरकत सरकत कुठल्या भेसूर चित्रावर जातो हे तुम्हाला कळणारही नाही. झोपण्याआधी तासभर अजिबात नको. शिवजयंतीच्या चित्ररथांतला अफजलखानवधाचा देखावाही या वर्षी खांद्यावर बसवून जवळून दाखवू नका, तो आणखी दोन-तीन वर्षांनी उर अभिमानानं भरून बघेल.

डॉक्टरकडं यायला केव्हा मात्र थांबायचं नाही ते सांगते. एकच भीती सहा महिने हटत नसेल, तिच्यापायी शाळा, जेवण, खेळ बंद पडत असेल. सगळ्याच आवाजांचा त्रास होतोय आणि सोबत बोलणं मागं पडलंय, नजरेला नजर देत नाही. झोपेतल्या प्रकारात एकच हात किंवा तोंडाची एक बाजू झटके देते, तसं असेल तर मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि लगेच दाखवा. आणि भीती एका विशिष्ट माणसाची असेल, एका घरी जायचं नाही म्हणत असेल, कपडे काढू देत नसेल, तर तिला कल्पना समजू नका. त्याचं ऐका, त्या माणसापासून त्याला लांब ठेवा, गरज वाटली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा. एरवी धारवाडचं डिम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय, आपल्याला जवळ आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर फुकट बोलते, भाषा निवडता येते.

नवऱ्याला म्हणावं, फौजीचा पोरगा आणि घाबरतो, हे वाक्य फोनवर पुन्हा नको. त्याऐवजी त्यानं रात्री पहारा करताना स्वतःला कधी भीती वाटली आणि तेव्हा काय केलं ते पोराला सांगावं. हे ऐकायला मुलं जीव कानात आणून बसतात.

रेनकोट बापाचाच ना? प्रत्येक भीतीमागं असा अर्थ शोधत बसू नये, दहातल्या नऊ वेळा तिथं काही नसतं. पण बाप जूनमध्ये गेला आणि त्याच्या अंगाच्या आकाराचं काहीतरी खुंटीवर लटकत राहिलं, ज्यात बाप नाही, हे मला सोडवत नाही. तो माळ्यावर टाकून देऊ नका. एखाद्या उघडिपीच्या सकाळी, अंगणात चांगला उजेड असताना, फोनवर बापाला घ्या, रेनकोट खाली काढा आणि बापालाच सांगू द्या की हा घालून मी कुठं-कुठं गेलो. पोराला वाटलं तर बाहीत हात घालू दे, नाही वाटलं तर लांबून बघू दे. मग खिसे त्यालाच उलटे करू द्या. बसचं भिजलेलं तिकीट निघालं तरी ते त्याला ठेवून घेऊ द्या.